हिरवं आलं

डॉक्टर दिगंबर सावर्डेकर आपल्या बायकोवर जळतात, हे सगळ्या सांगलीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त डॉक्टरांना. त्यांच्या मते ते 'शास्त्रीय शंका' काढत होते.

शंका काढायला हरकत काहीच नाही. पण माणूस दाढी करताना, चहा पिताना, बायकोच्या सत्काराच्या फोटोत आपला अर्धाच खांदा आलाय हे बघताना सारखी शंकाच काढत असेल, तर तिला मराठीत दुसरा शब्द आहे. तो शब्द डॉक्टरांना लावायची हिंमत त्यांच्या अक्काशिवाय कुणात नव्हती, आणि अक्का तो हसत लावायची, म्हणून डॉक्टर तो मनावर घेत नसत.

तसं त्यांचं दुःख अगदीच खोटं नव्हतं. गावभागातल्या त्यांच्या दवाखान्यात एके काळी पार विजापूरहून माणसं यायची. पेशंट दारातून आत येऊन खुर्चीवर टेकेपर्यंत डॉक्टरांचं निदान झालेलं असे. हा गजकर्ण, हा कोड नाही, ही नुसती ॲलर्जी, आणि ही गाठ मात्र उद्याच्या उद्या काढायची. त्यांचे शिक्षक म्हणायचे, "सावर्डेकर, तुझ्या डोळ्यांचा विमा उतरव." आपल्याकडे कातडीचा कॅन्सर गोऱ्या लोकांच्या मानाने कमी. पण होतो तो नको तिथे होतो आणि उशिरा कळतो. तळपायाला, भाजल्याच्या जुन्या व्रणावर, नखाखाली. डॉक्टरांना तो दारातूनच दिसायचा.

मग केतकीचा दिवा आला.

केतकी त्यांची बायको. शिकलेली भौतिकशास्त्र. रोज कोल्हापूरला प्रयोगशाळेत जायची आणि संध्याकाळी येताना डोक्यात काहीतरी घेऊन यायची. तिचं शास्त्र समजायला अवघड नव्हतं. आपल्या कातडीवर जांभळट निळा प्रकाश टाकला की ती स्वतःचा एक फिका हिरवा उजेड परत देते. हा उजेड कातडीच्या आत विणलेल्या कोलॅजेनच्या धाग्यांतून येतो आणि पेशी ज्यांच्यावर रोजचा कारभार चालवतात, त्या काही रेणूंमधूनही येतो. एरवी तो दिसत नाही, कारण परत फिरलेला निळा प्रकाश त्याला झाकून टाकतो. निळा गाळून टाकणारी काच मध्ये धरली की दिसतो. कॅन्सरच्या पेशी वाढू लागल्या की हे धागे कुरतडतात, त्यांचा कारभारही बदलतो, आणि तेवढ्या जागेतला उजेड मावळतो. सगळीकडे हिरवं आणि मध्येच एक काळा ठिपका, असं चित्र दिसतं. वरून डोळ्याला काही कळण्याच्या कितीतरी आधी.

हे जगाला आधीपासूनच माहीत होतं. पण सावळ्या कातडीतलं रंगद्रव्य स्वतःच प्रकाश गिळतं. त्यामुळे बाहेरची यंत्रं आपल्याकडच्या धडधाकट माणसालाही काळं दाखवायची. केतकीने त्यावर उपाय काढला. प्रत्येक माणसाची चांगली कातडी आणि शंकेची जागा शेजारी शेजारी मोजायची आणि त्यांच्यातला फरक यंत्राने सांगायचा. यंत्र टॉर्चएवढं आणि किंमत साध्या मोबाइलएवढी. दोन वर्षांत ते गावोगावच्या आशाताईंच्या पिशवीत जाऊन बसलं. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, ते कुणी घेतलं नाही. लोक म्हणत, केतकीचा दिवा. आणि निकालाचे शब्दही लोकांनीच ठरवले. हिरवं आलं म्हणजे देवाची कृपा. काळं आलं म्हणजे मिरजेला चला.

पहिल्यावहिल्या दिव्याखाली पहिला हात धरला होता तो डॉक्टरांनी स्वतःचा. घरातल्या जेवणाच्या टेबलावर, पडदे ओढून. मनगटावरचा तीळ हिरव्यात बुडून गेला तेव्हा केतकी लहान मुलीसारखी उड्या मारत होती, आणि डॉक्टरही. ही गोष्ट पुढे लक्षात ठेवायला हवी, कारण डॉक्टरांनी ती फार लक्षात ठेवली.

दवाखाना ओस पडला असं नाही, पण रुबाब गेला. पेशंट निकाल घेऊनच यायचे. "काळं आलंय, तुकडा तपासायला चिठ्ठी द्या," एवढंच काम डॉक्टरांना उरलं. एकदा कवठेमहांकाळची एक बाई त्यांच्यासमोर पाय पुढे करून बसली. डॉक्टर नेहमीसारखे डोळे बारीक करून बघत होते. बाईंनी थोडा वेळ वाट बघितली आणि काळजीने विचारलं, "नुस्तं बघताय व्हय? बाईंचा दिवा न्हाई का तुमच्याकडं?"

त्या दिवशी डॉक्टर घरी जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले. पोटात दुखत होतं हे खरंच होतं.

गुढीपाडव्याला दवाखाना अर्धा दिवस उघडा होता. दुपारी बाराच्या सुमारास तातोबा नावाचा एक माणूस आला. बेदाण्याच्या शीतगृहावर रखवालदार होता, मानेवर गजकर्ण घेऊन आला होता. चप्पल काढून तो टेबलावर चढला आणि डॉक्टरांची नजर त्याच्या टाचेवर गेली. तिथे करवंदाएवढा एक डाग होता, एका बाजूने पसरलेला, कडा विस्कटलेल्या. डॉक्टरांना आतून कुणीतरी हाक मारावी तसं झालं.

"हे काय आहे, तातोबा?"

"ते व्हय? ते काय न्हाई. परवाच दिव्याखाली धरलंय. हिरवं आलं."

हिरवं आलं म्हटल्यावर कुणीही पुढे गेलं असतं. पण डॉक्टर दिव्यावर खार खाऊन होते. त्यांनी जुन्या सवयीने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि डाग जोरात पुसला. बोळा पिवळाजर्द झाला.

"काही लावलंय का यावर?"

"काय बी न्हाई."

"मग हे पिवळं काय?"

"हळद हाय की."

"आणि म्हणतोस काही लावलं नाही!"

तातोबाने डॉक्टरांकडे कीव केल्यासारखं बघितलं. "डॉक्टर, हळद म्हंजे काय लावनं झालं व्हय?"

टेबलाच्या खणात केतकीने वाढदिवसाला दिलेला दिवा खोक्यातच पडून होता. डॉक्टरांनी तो काढला. आधी पुसलेल्या डागावर धरला. काळं, चक्क काळं. मग बोळ्यावर धरला. बोळा असा पेटला की खोलीच्या भिंतीवर हिरवी झाक आली.

हळदीतला पिवळा रंग, कर्क्युमिन, नेमका त्याच निळ्या प्रकाशावर पेटतो आणि उजेडही तसाच हिरवा देतो, फक्त कातडीपेक्षा कितीतरी जास्त. खालची जागा विझलेली असली तरी वरची हळद तिच्या वतीने उजळते. आशाताई तपासण्याआधी जागा सलाईनने पुसायच्या, कारण चिघळलेल्या कातडीला स्पिरिट झोंबतं. पण हळद पाण्याला दाद देत नाही. ती जाते तेलाने, नाहीतर स्पिरिटने. कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत येणारे नमुने मोठ्या रुग्णालयांतून धुऊन पुसून यायचे, त्यामुळे हळद हा प्रकार त्या दिव्याने कधी बघितलाच नव्हता. आणि हा दिवा वापरला जात होता कुठे, तर सांगलीत. जिथे हळदीचे सौदे निघतात, जिथे खरचटलं, कापलं, भाजलं, काही झालं तरी आई आधी हळदीचा डबा शोधते.

तातोबाला चिठ्ठी देऊन, चार वेळा बजावून डॉक्टरांनी मिरजेला पाठवलं. पुढे त्याची टाच वाचली आणि तोही वाचला. डॉक्टर मात्र दवाखाना बंद करून जवळजवळ पळतच घरी निघाले. केतकीला सांगायचं होतं. ही बातमी ते भेट म्हणून नेत होते की चिमटा म्हणून, हे मात्र त्यांना विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

घरात टीव्हीवाले होते. दिवाणखान्यात दिवे, वायरी, आणि मध्ये नऊवारी नेसलेली केतकी. मागे खिडकीत गुढी दिसत होती.

"मॅडमचे मिस्टर ना?" मुलाखत घेणारी मुलगी म्हणाली. "सर, प्लीज, ती गुढी जरा सरळ करता का? फ्रेममध्ये वाकडी दिसतेय. आणि मग तुम्ही या पडद्याआड थांबा."

डॉक्टरांनी गुढी सरळ केली. ती परत कलली. मग शूटिंग संपेपर्यंत ते पडद्याआडून काठी धरून उभे राहिले.

"या प्रवासात तुम्हाला सगळ्यात मोठी साथ कुणाची?" मुलीने विचारलं.

केतकीने विद्यार्थ्यांची नावं घेतली, आशाताईंची घेतली, कोल्हापूरच्या सरांचं घेतलं, काच घासून देणाऱ्या कारागिराचंसुद्धा घेतलं. पहिला हात कुणाचा होता, ते ती विसरली. मुद्दाम नव्हे. कॅमेऱ्यासमोर माणूस घरातलंच तेवढं विसरतो. पण पडद्याआड काठी धरून उभ्या असलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

टीव्हीवाले गेल्यावर केतकी म्हणाली, "तू काहीतरी सांगणार होतास आल्या आल्या."

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. "श्रीखंड आणलंय का विचारणार होतो."

उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण उद्या एक बाई आली. हिरवं आलं होतं, तरी मन खात होतं म्हणून आली होती. डॉक्टरांनी स्पिरिटने पुसलं, डोळे बारीक केले आणि चिठ्ठी लिहिली. निदान खरं ठरलं. पुढच्या आठवड्यात आणखी एक. मग स्थानिक पेपरात चौकट आली, 'यंत्र चुकले, डॉक्टरांची नजर जिंकली.' दवाखान्याबाहेर पुन्हा चपलांचा ढीग दिसू लागला. आता ते 'उद्या' म्हणेनासे झाले. 'एवढा महिना जाऊ दे' म्हणू लागले.

वैशाखात एकदा जेवताना केतकीने ताटातला हात थांबवला. ती वाळली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"दिगंबर, तुझ्याकडे सापडलेल्या तिघांना माझ्या दिव्यानं हिरवं दिलं होतं. मी काचा तपासल्या, बॅटऱ्या तपासल्या, सगळं गणित पुन्हा मांडलं. काही सापडत नाही. तुला काय वाटतं?"

"यंत्राला अनुभव नसतो, केतकी."

"ते कळलं. पण चूक कुठं असेल?" ती विचार करत राहिली. "पेशंट काही लावून येत असतील का?"

वरण वाढून घेत डॉक्टर म्हणाले, "विचारून बघ की."

तिने विचारून बघितलं. सगळ्या आशाताईंना कळवलं की प्रत्येकाला विचारा, काही लावलंय का. मलम, पावडर, क्रीम, तेल? सगळ्या पेशंटांनी सांगितलं, काही नाही. आणि कुणी खोटं बोलत नव्हतं. केतकी ठाण्याची, वीस वर्षं सांगलीत राहूनही तिच्या हे डोक्यात आलं नाही. डॉक्टर इथल्याच सावर्ड्याचे. लोक काय उत्तर देतील हे त्यांना आधीपासून माहीत होतं, आणि माहीत असून ते 'विचारून बघ' म्हणाले होते.

बायकोला चुकीच्या जागी शोधताना बघण्यात त्यांना सुख वाटत होतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण होतं ते असं होतं. ती काचा पालथ्या घालत बसली की ते शेजारच्या खोलीत पेपर वाचत गाणं गुणगुणायचे. मनाची समजूतही त्यांनी घालून ठेवली होती. ज्याला शंका येते तो माझ्याकडे येतोच, मी आहे ना, मग कुणाचं काय बिघडतं?

शंका येत नाही त्याचं काय, हा प्रश्न ते स्वतःला विचारत नव्हते.

शैलाक्का ही डॉक्टरांची थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे डॉक्टरांना वाढवलं तिनेच. नवरा वारल्यापासून मार्केट यार्डाजवळची हळदीची गिरणी ती एकटी चालवायची. तिच्या नखांत, साडीच्या काठांत, चष्म्याच्या दांड्यांतसुद्धा बारा महिने हळद. ती आली की आधी वास यायचा आणि मग अक्का.

श्रावणात एकदा ती दुपारची आली. डॉक्टर पंख्याखाली बसले होते.

"काय रे दिगू, अजून जळतोयस का विझलास?"

"ये अक्का. चहा टाकू?"

"नको. केतकी कुठाय? तिच्याकडं काम आहे माझं."

दोघी आतल्या खोलीत गेल्या. दार लागलं. दारामागून कुजबुज आली, मग अक्काचं हसणं, मग निकाल आला की दिवा करतो तो 'टिंग' असा आवाज. डॉक्टर खुर्चीत ताठ बसले. अक्कासुद्धा! लहानपणी त्यांचे खरचटलेले हातपाय ज्या अक्काने धुतले, तिलाही आता भावाच्या डोळ्यापेक्षा भावजयीचा दिवा खरा वाटायला लागला होता. काय झालंय, कुठे झालंय, हे त्यांनी विचारलं नाही. मुद्दाम विचारलं नाही.

अक्का पदर सारखा करत बाहेर आली. "हिरवं आलं!"

"अभिनंदन," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पेपर उघडला.

अक्काने कपाळावर हात मारून घेतला आणि केतकीकडे बघून डोळा मिचकावला. पेपर धरलेल्या डॉक्टरांना समोर तिची पिवळी बोटं दिसत होती. गेली पन्नास वर्षं दिसत होती. ज्या डोळ्याचा विमा उतरवायला सांगितलं होतं, तो डोळा त्या दिवशी रागावून बसला होता.

भाऊबीजेला अक्का सकाळीच डबा घेऊन आली. पाटाभोवती रांगोळी, डॉक्टर डोक्यावर टोपी घालून पाटावर, केतकी शेजारी तबक सांभाळत. अक्काने टिळा लावला, अक्षता लावल्या. ओवाळायला ती वाकली आणि तिच्या तोंडून 'आई गं' निघालं. निरांजन कलंडलं. तेल रांगोळीवर सांडलं.

"काय झालं?"

"काही नाही. कंबर धरलीय."

डॉक्टर तिला सावरायला उठले आणि अगदी जवळ आल्यावर त्यांना हळदीच्या वासाखालून दुसरा एक वास आला. तो वास कुठल्याही डॉक्टरला ओळखू येतो. अक्काच्या साडीवर, बरोबर कमरेच्या रेषेत, तळहाताएवढा ओला डाग होता. पिवळा, आणि मध्ये तांबूस.

"अक्का, कमरेला काय आहे?"

"बायकांचं दुखणं आहे, तुला काय करायचंय? परकराची नाडी काचते. आवळून बांधल्याशिवाय मला काम सुचत नाही, ठाऊक आहे तुला. किती वर्षांचा वळ आहे तो. मध्ये जरा चिरला, एवढंच." ती केतकीकडे वळली. "आणि हिला दाखवलंय की मी. श्रावणात दाखवलं, गणपतीत पुन्हा दाखवलं. दोन्ही वेळा हिरवं आलं."

"काही लावतेस त्यावर?"

"काही नाही."

"हळद?"

"हळद तर लावतेच की! सकाळ संध्याकाळ. घरची आहे, चांगली." अक्का वैतागली. "हळद ही काय सांगायची गोष्ट आहे का?"

केतकीने तबक खाली ठेवलं. ती एकदम अक्काकडे, मग डॉक्टरांकडे बघू लागली.

डॉक्टर म्हणाले, "मला बघू दे."

"शहाणा आहेस! तुझ्यासमोर नाडी सोडू मी?" अक्काने साडी घट्ट धरली. कितीही झालं तरी भाऊ तो भाऊ. तिथे डॉक्टरकी चालत नाही. शेवटी केतकी तिला आत घेऊन गेली. दार लागलं.

डॉक्टर बंद दारासमोर उभे राहिले, कपाळावर ओला टिळा घेऊन. इतके दिवस ज्याचा हेवा केला, तो दिवा आत होता, आणि त्यांचा डोळा बाहेर.

"केतकी," ते दाराशी तोंड नेऊन म्हणाले, "आधी स्पिरिटनं पूस. चांगलं पूस. झोंबलं तरी पूस. मग दिवा लाव."

आतून अक्काचा ओरडा आला. मग तो 'टिंग' आवाज.

केतकी बाहेर आली. तिच्या हातात पिवळे बोळे होते. "काळं आहे," ती म्हणाली. "सगळं काळं आहे, दिगंबर." आणि मग ती त्यांच्या गळ्यात पडून रडू लागली. "मला सहा महिन्यांत सुचलं नाही. तुला एका क्षणात कसं रे कळलं?"

"सुचलं," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशन मिरजेला झालं. जागा स्वच्छ काढली गेली, पण जांघेतल्या दोन गाठींपर्यंत रोग पोचला होता. आता किरणोपचार, मग वाट बघायची. बरी होईल की नाही, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगेना. सर्जन डॉक्टरांचे वर्गमित्र होते. हात धुता धुता ते सहज बोलून गेले, "पावसाळ्यात आली असती ना दिग्या, तर कमरेपाशीच संपलं असतं रे."

केतकीने सगळ्या आशाताईंना भाऊबीजेच्याच दिवशी कळवलं होतं की आधी स्पिरिट, मग दिवा. पुढचा दिवाही तिच्या डोक्यात तयार होता. निळा प्रकाश बंद केल्यावर हळदीचा उजेड कोलॅजेनच्या आधी विझतो. फरक सेकंदाच्या अब्जाव्या भागातला, पण मोजता येतो. तो मोजणारा दिवा आला की पुसायचीही गरज राहणार नव्हती, आणि दिव्याला कुणाच्याही डोळ्याची गरज राहणार नव्हती.

चौथ्या दिवशी अक्का उशीला टेकून बसली. केतकी तिच्या पायाशी लॅपटॉप घेऊन बसली होती. डॉक्टर अक्काचा हात हातात घेऊन स्टुलावर होते.

"शोधनिबंध लिहितेय," केतकी म्हणाली. "जगभर जाईल हा. हळद फक्त आपल्याकडेच लावतात असं थोडंच आहे. आणि दिगंबर, या पुसायच्या पायरीला मी तुझं नाव देतेय. सावर्डेकर पुसणी."

"पुसणी?" अक्का म्हणाली. "चांगलं काहीतरी ठेव की."

केतकी हसली. बऱ्याच महिन्यांनी हसली. "पहिला हातही त्याचाच होता, अक्का. तेही लिहिलंय मी सुरुवातीला. कधी बोललेच नाही मी ते कुठं." तिने डॉक्टरांकडे बघितलं. "फक्त तारीख सांग. हळदीचं पहिल्यांदा तुझ्या कधी लक्षात आलं?"

"त्यात काय विचारायचंय?" अक्का म्हणाली. "भाऊबीज लिही. मी ओवाळत होते आणि ह्याला दिसलं. डोळा आहे माझ्या भावाचा."

डॉक्टरांना हवं होतं ते सगळं त्या खाटेवर मांडून ठेवलेलं होतं. नाव, मान, आणि तो विसरलेला हातसुद्धा. करायचं काहीच नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायची त्यांना आता सवय झाली होती. त्यांनी मान खाली घातली. अक्काचा हात त्यांच्या हातात होता. ऑपरेशनच्या आधी नर्सने तिची बोटं स्पिरिटने घासून काढली होती. नखं पांढरी स्वच्छ होती. त्यांना तो हात ओळखू येईना.

"गुढीपाडव्याला," ते म्हणाले.

"भाऊबीजेला म्हणायचंय तुला," केतकी टाइप करता करता म्हणाली.

"नाही. गुढीपाडव्याला. टीव्हीवाले आले होते त्या दिवशी. तातोबाच्या टाचेवर हळद होती. मी तुला सांगायलाच आलो होतो."

केतकीची बोटं थांबली. ती बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता. "मी तुला जेवताना विचारलं होतं. पेशंट काही लावून येतात का म्हणून."

"हो."

"आणि तू विचारून बघ म्हणालास."

"हो."

तिने लॅपटॉप मिटला. उभी राहिली. "गुढीपाडव्यापासून मी किती जणांना हिरवं सांगितलंय, दिगंबर," ती म्हणाली. "अक्का त्यातल्या एकट्या नाहीत." आणि फोन कानाला लावत ती बाहेर निघून गेली. व्हरांड्यातून तिचा आवाज येत राहिला. ती आशाताईंना पुन्हा तपासायच्या गावांची नावं सांगत होती.

खोलीत दोघंच उरली. लहानपणी चूक सापडली की अक्का लाटणं घेऊन मागे धावायची. डॉक्टर त्या लाटण्याची वाट बघत बसले.

"मी श्रावणात आले होते," अक्का म्हणाली.

"हो."

"तू पेपर वाचत होतास."

"हो."

"केतकीवर जळत होतास ना?"

"हो," डॉक्टर म्हणाले. हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं.

"एवढंच होतं?" अक्का म्हणाली. "अरे, सगळ्या सांगलीला ठाऊक होतं ते. तेव्हाच मला येऊन सांगितलं असतंस, तर मी हसले असते तुला. नुसतं हसले असते."

आणि तिने आपला हात त्यांच्या हातातून काढून पांघरुणाखाली घेतला.